अस्तर

सुती अस्तर शिवण्याआधी रात्रभर भिजत घालायचं,
नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं
आणि वरचं कापड सुरकुततं.
वडगावात चौदा वर्षं मी हेच शिवत आले,
गिऱ्हाइकाला दिसत नाही ते.

मठपती मॅडम म्हणाल्या, "अस्तर पातळ आहे,"
तेव्हा मी आधी माझ्या ब्लाउजकडे बघितलं.

मग गोळ्या. दिवसाला तीन.
सकाळची चहाआधी, दुपारची काजं करताना,
रात्रीची मोबाईल वाजला की.
बॉबिनच्या डबीत ठेवते. तिथं सासूबाई हात घालत नाहीत.

टेपेला मागची बाजूही असते.
इंचावर आयुष्य गेलं, मिलिमीटर कधी लागलेच नव्हते.
आता दिव्याखाली नख ठेवून बघते:
सात म्हणजे एवढं.
आठ म्हणजे त्याच्यापुढे एक रेघ.
श्रावणात सहा पॉइंट दोनवरच अडलं.
"या वेळी नको," मॅडम म्हणाल्या,
आणि तिसऱ्या रेल्वे गेटाला
भरमा गाडी बंद करून उभा राहिला. मालगाडी संपेचना.
त्यानं काही विचारलं नाही. मी डबे मोजले.

त्या दोघांना मात्र घाई नाही.
नायट्रोजनच्या टाकीत, उणे एकशे शहाण्णवला,
काडीवर आमची नावं;
कानडीत की इंग्रजीत, विचारायचं राहिलं.
मार्चमध्ये पाच दिवसांचे होते.
अजून पाच दिवसांचेच आहेत.

आज स्कॅनवाली पोरगी पडद्याकडे बघत पुटपुटली,
"एंटु... एंटु पॉइंट नाल्कु."
मराठीत सांगायला वळली तोवर मला कळलं होतं.
बाजारात आधी आकडेच शिकतो आपण.
तीन उजळ रेघा दाखवल्या तिनं, मध्ये काळोख,
काळ्या कापडावर खडूनं आखल्यासारख्या.

उद्यापासून तेलातली इंजेक्शनं.
कमरेखाली गाठी येतात म्हणे, गरम पाण्याची पिशवी धरायची.
सहाव्या दिवशी भरल्या पोटानं नाही,
भरल्या लघवीनं टेबलावर झोपायचं.

"किती आलं गे?"
या खेपेला गेट उघडं होतं, तरी त्यानं गाडी हळू केली.

घरी मापाच्या वहीत
निंगव्वाची छाती अडतीस, बाही साडेनऊ,
त्याखाली ८.४ लिहिलं.
नाव नाही घातलं.

मग निंगव्वाचं अस्तर बादलीत टाकलं.
सुरुवातीला ते तरंगतं, पोटात हवा धरून.
तळहातानं दाबून
थोडा वेळ तसंच बसावं लागतं.