भिंतीला लाथ

गॉलवेत, सॉल्टहिलचा समुद्रकाठचा रस्ता जिथे संपतो
तिथे एक भिंत आहे.
चालत आलेला माणूस तिला लाथ मारतो
आणि मागे फिरतो.
का, ते कुणी सांगत नाही.
लाथ बसली नाही तर चालणं धरलं जात नाही, एवढंच.

मी एकतीस वर्षं मारली.
पोस्टातून सुटले की बूट बदलायचे
आणि क्लॅडाच्या हंसांपासून सरळ पश्चिमेला,
वाऱ्यात डोकं खुपसून, बैलासारखी.

मग उजवा खुबा गेला.
आता तिथे धातू आहे.
विमानतळावर वाजतो, जिन्यावर कुरकुरतो,
रात्री कूस बदलताना
कुणा परक्याचा पाय अंथरुणात आल्यासारखा वाटतो.

डर्व्हला व्यायाम शिकवायला यायची. वय सव्वीस.
म्हणाली, चाला, मिसेस कॉनीली,
रोज थोडं वाढवा. पण लाथ नाही.
डिसेंबरपर्यंत कशालाच लाथ नाही.
"नवऱ्यालाही?"
"त्यांना डाव्या पायाने."
फेस्टसने वर्तमानपत्र जरा वर धरलं.

रस्त्याच्या कडेला बाक आहेत,
प्रत्येकावर पितळी पट्टी, मेलेल्या कुणाचं नाव.
इतकी वर्षं एकही वाचलं नव्हतं.
पहिल्या आठवड्यात मी टॉमस लिडनपर्यंत पोचले
आणि त्याच्या मांडीवर बसून धापा टाकल्या.
दुसऱ्या आठवड्यात ब्रीज आणि मार्टिन,
"ज्यांना हे दृश्य आवडायचं".
दृश्य म्हणजे धुकं.
मग चार दिवस ताप. पुन्हा टॉमस.

मी बसायचे आणि सगळं गाव पुढून जायचं.
कानात गाणी घातलेल्या, घोट्यापर्यंत ओल्या पोरी,
कुत्र्याने ओढत नेलेले मास्तर,
ओहोटीच्या वाळूवर
ब्राझीलहून आलेली, मांसाच्या कारखान्यातली मुलं,
चपलांचे गोल, अनवाणी फुटबॉल, नोव्हेंबरात!
आणि उडीच्या मनोऱ्यावर त्या बायका,
सत्तरीच्या, टोप्या घातलेल्या, निळ्या गुडघ्यांच्या.
मी ओरडून विचारायचे, पाणी कसंय?
आतून उत्तर यायचं, छान! एकदा आत आलं की छान!
हे या शहरातलं सर्वात जुनं खोटं.
मीही ते सांगितलंय, दात वाजत असताना.

लाथ मारीन तिथे पाणी काढीन
असं म्हणायचं एक वय असतं.
इथे पाणी आधीपासूनच आहे, अख्खा अटलांटिक,
काढायचं काहीच शिल्लक नाही.
तरी पाय शिवशिवतो.

बारा डिसेंबरला पोचले.
भिंत आठवणीपेक्षा ठेंगणी निघाली,
बुटांनी काळवंडलेली, एका जागी खपली उडालेली.
काठी टेकून उभी राहिले.
मनात काहीतरी मोठं येईल म्हणून थांबले.
आलं ते एवढंच, की फेस्टसने बटाटे लावले असतील का.
मागे रांग लागली होती.
स्कूटरवरचा एक पोरगा म्हणाला,
"आजी, मारताय की मी मारू?"

हात कपड्यांनी भरलेले असताना
कपाटाचा खण पायाने लोटतात ना,
तेवढीच मारली. उजव्याने.
भिंतीला कळलंही नसेल.
पोराने मान डोलावली, म्हणजे धरली गेली.

परतताना वारा पाठीशी होता,
जवळजवळ उद्धटपणे ढकलत होता.
ब्रीज आणि मार्टिन केव्हा मागे पडले ते कळलं नाही.
टॉमस लिडनपाशी मात्र पाऊल अडखळलं.
त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं,
आज बसत नाही रे.