अकरा बरण्या, सात झाकणं

मीटर पाहायला आलेल्या माणसाला कोणी अडवत नाही.
भर दुपारी बाई घरात एकटी असली तरी
"या जी, मीटरवाले" म्हणते, बाजूला सरते,
आणि मीटर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघराच्या दारावरच.
आकडा टिपून झाला की माझी मान
आपोआप डावीकडे वळते.
फळीवर, पिठाच्या डब्यामागे,
वर तपकिरी, खाली दुधी,
दोन कानांची, पोटाशी फुगलेली
आहे का?

बावीस गावं, एकोणीस वर्षं.
अकरा मिळाल्या.

बिल वाढलं त्या महिन्यात विषय काढायचा नाही.
लोणचं भरलेलं असेल तर नजरही लावायची नाही.
बोटाच्या पेरानं वाजवून पाहायची,
खणखणली तर घ्यायची,
बद्द बोलली तर आत चीर.
तसल्याही दोन घेतल्या.
घसा बसलेल्या माणसाचं ऐकतोच की आपण.

"भंगारवाला एक वाटी देत होता स्टीलची,
तुम्ही का देता?"
मी दोन म्हणतो.
गाडीच्या डिक्कीत वाट्यांचा डझन असतो माझ्या.

कोऱ्याच्या देवकाबाई भोयरनं वाट्या घेतल्या नाहीत.
स्टुलावर चढून स्वतः उतरवली,
पदरानं पुसली,
आणि देता देता धरूनच उभी राहिली.
"बेचाळीस वर्सं झाली जी.
महिन्याचे चार दिवस हिले शिवू नाही दिलं मले.
लोणचं नासते म्हणे.
सासू होती तवा सासू पाहे,
मंग मीच माह्यावर पहारा.
अन् तुम्ही हात न धुता
बगलेत मारून चालले."
मी रांजणाकडे वळलो.
"राहू द्या," म्हणाली, "काही नाही नासत."

झाकण तिनं ठेवून घेतलं.
कशाला, ते मी विचारलं नाही.

घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर ओळीनं मांडल्यात.
हिचं झाकण तिला बसत नाही, तिचं हिला.
बुडं बॅटरीनं पाहतो.
एकीवर पुसट घोडा, किंवा कुत्रा.
एकीवर नुसता ७.
एकीवर कोणाचा तरी अंगठा,
झिलई ओली असताना उमटलेला,
भट्टीत भाजून पक्का झालेला.
"रिकामी भांडी मोजणारा माणूस," असं
रत्नमाला पाहुण्यांना सांगते.

पोळ्याच्या सुमाराला हवा दमट असली
की बरण्या बाहेरून पांढऱ्या होतात.
आधी बुरशी वाटली.
बोट लावून चाटलं तर
मीठ.
झिलईच्या केसाएवढ्या भेगांतून
कोणाकोणाच्या सासवांनी मुठीनं घातलेलं मीठ
अजून बाहेर येतंय.
सकाळी पुसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा.
कोऱ्याची सगळ्यांत जास्त येते.

मागच्या महिन्यात ऑफिसात खोकी उतरली.
नवीन मीटर. खांबावर, घराबाहेर.
आकडे आपले आपण जातात.
साहेब म्हणाले, "उन्हात फिरणं सुटलं तुमचं, डाहाके."
हाव म्हणालो.

शेवटच्या फेरीत कोऱ्याला गेलो.
देवकाबाईकडे सत्तेचाळीस युनिट.
झाकण चुलीजवळ उलटं ठेवलेलं,
त्यात रोजच्या भाजीचं मीठ.
"काय घातलं जी बरणीत?"
"काही नाही. ठेवली आहे."
"ठेवली?"
माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली,
मग परसातून ओटीभर लिंबं आणली
आणि माझ्या पिशवीत
रीडिंगच्या वहीवर ओतली.

रात्री रत्नमालानं फोडी केल्या,
मीठ मी घातलं, हात न धुता, आठवणीनं.
झाकण नव्हतंच.
खाकी शर्टाची एक बाही कापली,
दुहेरी घडी करून दादरा बांधला,
गाठ दोनदा मारली.
सवयीनं पेरानं वाजवून पाहिली.
काही बोलली नाही.
भरलेली होती.