पाच रेघा

पहिला एप्रन नुसता पांढरा, कोकराच्या कातड्याचा.
मग त्यावर दोन फुलं आली, मग तिसरं,
आणि आकाशी काठ.
चुलीजवळ कधी न फिरकलेल्या माणसाला
इतके एप्रन! म्हणायची आई,
आणि तरी ब्रासो लावून पदक घासून द्यायची.

बाबा, बिन्यामिन झिराडकर, वागळे इस्टेटीत ड्राफ्ट्समन,
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
कोर्टनाक्यामागच्या हॉलचा जिना चढायचे.
मास्टर झाले तेव्हा वाटलं, संपलं.
नाही. मास्टरनंतर जिना वळतो, म्हणाले,
वर नाही, बाजूला.

बाजूला नोहाच्या तारवाची शाखा निघाली.
रेवदंड्याच्या लाँचमध्ये ओकणारा माणूस
कागदोपत्री खलाशी झाला.
बाजूला कमानीची शाखा,
तिथे पडलेलं मंदिर पुन्हा बांधत,
आणि रेशनवाले पालेजा होत जेरुसलेमचे राजपुत्र.
(हे त्यांच्या वहीतलं. जिवंतपणी एक शब्द नाही.)

एक शाखा बंद होती. तलवार, पांढरा झगा,
आणि ख्रिस्तावर श्रद्धा असल्याची सही.
कोरा फॉर्म खिशात घालून घरी आले.
बंधू सगळे सारखेच गं, म्हणाले,
काही दारं अरुंद, एवढंच.
आईने आणखी एक घावन वाढलं.

मार्कच्या शाखेत मात्र ते रमले.
तिथे प्रत्येक गवंडी आपली खूण निवडतो,
सरळ रेघांची, वळण चालत नाही,
आणि ती रजिस्टरात कायमची चढते.
कुठली घेतलीत? आईने विचारलं होतं.
सांगता येत नाही.

गेल्या मार्चात बिल्डरने चरईच्या खोलीची चावी मागितली.
भांडी बांधताना मलिद्याची परात पालथी घातली.
भांडीवाल्याने टिंबांत ठोकलेलं: सौ. सिमखा बि. झिराडकर.
शेजारी, कंपासच्या टोकाने ओरखडलेल्या
तीन उभ्या रेघा, खाली एक आडवी,
आणि डावीकडे, वर, एक अगदी बारकी.

वहीच्या शेवटच्या पानावर त्याच पाच.

दाराच्या मेझुझावरचं अक्षरही असंच दिसतं,
पण त्याला ती बारकी रेघ नाही.
डावीकडे खूण आली की ‘श’चा ‘स’ होतो,
माझं हिब्रू एवढंच, सिनेगॉगच्या सुट्टीतल्या वर्गाचं.

परात आई स्वतःच घासायची, बाईला देत नसे.
आतून भराभर.
मागून सावकाश.