ऐंशीला काढायचा

त्सियालाबाईंनी टॅब्लेट आणला तो डोक्याच्या रुमालात गुंडाळून,
आजारी कोंबडी आणावी तसा.
चियातुराच्या बाजारात माझी टपरी,
एका अंगाला चीजवाली, दुसऱ्या अंगाला किल्ल्या करणारा वाखो.
फळीवर ठेवला तर टॅब्लेट डुलत राहिला.
काच एका कडेने उचललेली,
पोट फुगलेलं.

"पडला नाही," त्या म्हणाल्या, "पाणी नाही सांडलं.
तीन वर्षं एका जागी आहे. पलंगाशी. प्लगला लावलेला.
शंभराच्या खाली म्हणून जाऊ दिला नाही."
लेकराला एक दिवस उपाशी ठेवलं नाही,
हे सांगावं त्या सुरात.

मी पाठ उघडली.
बॅटरी उशीसारखी टरारलेली,
गोडसर वास, नासू लागलेल्या फळाचा.
"मावशी, हिला भरलेपण सोसत नाही.
काठोकाठ भरून तशीच उबेत ठेवली
की आतल्या आत वाफ धरते."

"ब्याण्णवच्या हिवाळ्यात तू होतास का रे?"
पाळण्यात होतो.
"मग तुला काय सांगायचं.
वीज यायची रात्री दोनला, कधी तीनला, चाळीस मिनिटं.
गल्लीत कुणीतरी ओरडायचं, आली!
आणि आम्ही झोपेतून उठून पाव भाजायचो,
इस्त्री करायचो, नवऱ्याच्या विजेऱ्या भरायचो,
बादल्या, किटल्या, थर्मास,
भरण्यासारखं जे जे असेल ते.
काही रिकामं राहिलं तर ती बाई मूर्ख."

मी स्क्रू डबीत टाकत राहिलो.

"आणि नेस्तान आहे बारीला.
तिथल्या एका म्हातारीला उठवते, निजवते, घास भरवते.
म्हातारी झोपली की मला फोन.
कधी अकराला, कधी उजाडताना.
तिने हाक मारली आणि हा मेलेला असला तर?"

यावर कंपनीच्या पुस्तिकेत काही दिलेलं नाही.
मी खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर जाड पेनाने लिहिलं:
वीस. ऐंशी.
उशीखाली नको.
रात्रभर नको.
"दोन घास कमी," म्हटलं, "जेवताना राखतो तसे."
त्या पहिल्यांदा हसल्या.
"आमच्या टेबलावरून दोन घास कमी खाऊन उठलेला पाहुणा
पाहिलायस कधी?"

नव्या बॅटरीचे पैसे दिले,
चार घड्या घातलेल्या नोटा, एकेक उलगडून.
जुनी मी टपरीमागे नेऊन
वाळूच्या डब्यात ठेवली.
जाता जाता त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

नोव्हेंबरात परत आल्या.
मला वाटलं, पुन्हा फुगली.
तर पिशवीत अक्रोड.
"पहिला आठवडा हात शिवशिवायचा.
ऐंशी झाले की काढायची, आणि मग बसायची आकडा उतरताना बघत,
एकसष्ट, चोपन्न, जणू माझंच काही कमी होतंय.
मग एकदा फोन आला तेव्हा तो प्लगला नव्हताच.
तशीच घेऊन गॅलरीत गेले.
तर पोर गप्प.
म्हटलं, काय झालं?
म्हणते, आई, ती तुती अजून तोडली नाहीस?"

तीन वर्षं त्या लेकीने
आईच्या चेहऱ्यामागे एकच भिंत पाहिली होती,
पलंगाचा कठडा, आणि वायर पुरेल तितकंच घर.

"मग नदी दाखवली. अजून काळीच आहे म्हणाली.
जिना दाखवला. शेजारच्या मारोला हाक मारायला लावली.
बोलता बोलता अकरा टक्के झाले,
पुठ्ठा आठवला, पण मी काही उठले नाही."
मग जरा खालच्या आवाजात,
डॉक्टरला विचारावं तसं,
"वीसच्या खाली गेलं. चालतं ना?"

वाखोची कानस थांबली होती.
मी अक्रोड फोडत होतो.
चालतं, म्हटलं,
एखाद्या दिवशी चालतं.