दोनशे सोळातले सतरा

कापड आधी झटकायचं, मग अंथरायचं,
चार कोपऱ्यांवर चार धोंडे.
माळेगावच्या माळावरलं मार्गशीर्षातलं वारं
कुणाच्या बापाचं नसतं.

घरं सहा. बदाम, किलवर, चौकट, इस्पिक, मुकुट,
आणि कडेला झेंडा, ज्याच्यावर सहसा कुणी लावत नाही.
मन्मथमामा दरसाल ती नव्यानं रंगवायचा,
बदामाला पोळ्यात उरलेला शिंगांचा हिंगूळ.

फासे तीन. डबा डालड्याचा.
आत फडकं लावायचं नाही, वाजू दे.
"आवाज आला की माणसाला वाटतं, आपल्याला कळालं.
कळालं वाटलं की हात खिशात जातो."

डबा पालथा पडला की हात वर.
तुमचं चित्र एकदा आलं तर रुपयाला रुपया,
दोनदा आलं तर दोन, तिन्हीवर आलं तर तीन.
नाही आलं तर नाही,
आणि हरलेल्याच्या तोंडाकडं बघायचं नाही.
जिंकलेल्याला मात्र गाव विचारायचं, मोठ्यानं:
"अहमदपूरच्या पाव्हण्यानं तीन मुकुट घेतले हो!"

मी तेव्हा आठवीत होते, चिल्लरीच्या डब्याशी,
पाय गोधडीत, डोळे बत्तीनं चुरचुरलेले.

सांडू घोडेवाला आला तो विकलेल्या शिंगराची दोरी
खांद्यावर तशीच ठेवून.
इस्पिकावर एक लावला, गेला. दोन, गेले.
मग चार, आठ, सोळा.
"आता येणारच, किती येळ न्हाई येणार?"
मामा डबा हलवता हलवता माझ्या कानाशी:
"फाशाला मागचं आठवत नसतं, पोरी.
माणसाला आठवतं. आपली भाकर त्या आठवणीवर हाय."
बत्तीस. चौसष्ट.
एकशे अठ्ठाविसाला इस्पिक आलं, एकच.
गर्दी अशी ओरडली की पलीकडची खेचरं बिथरली.
मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
आठ डावांत सांडूला सुटला एक रुपया.
तो उठला नाही.
पहाटे फक्त दोरी घेऊन गेला.

त्याच पानावर मी पुढचंही मांडलं.
तीन फाशांच्या दोनशे सोळा तऱ्हा.
सव्वाशे वेळा काहीच नाही, पंच्याहत्तर वेळा एक,
पंधरा वेळा दोन, तीन फक्त एकदा.
दर डावाला रुपया धरला तर शेवटी
सतरा रुपये आपल्याकडं राहतात, मामा.
काही न करता.

मामा बराच वेळ चुन्याची डबी उघडझाक करत बसला.
"सतरा," म्हणाला. "त्यात जागेचे, बत्तीच्या तेलाचे,
जमादाराचे." बोटं मोडली. "तरी उरतं की गं."
मग कमरेच्या चंचीतून एक फासा काढला,
बाकीच्यांसारखाच, फक्त हातात घेतला की कळायचं,
पोटात शिसं.
रात्र चढली, मोठ्या नोटा आल्या, की हा डब्यात जायचा
आणि झेंडा वर करून पडायचा.
"वीस वर्सं," मामा म्हणाला, "उगंच भीत बसलो."
आणि तो माझ्या वहीवर ठेवला.

आता केवळबाईचं.
ती तमाशाच्या तंबूवर तिकिटं फाडायची,
शेवटचा वग लागला की शाल घट्ट ओढून यायची,
आठ आणे झेंड्यावर ठेवायची, एकच डाव,
पैसे उचलायची, जायची. दुसरा डाव कधी नाही.
चार रात्री, चार झेंडे.
लोक म्हणायचे, हाताला गुण हाय बाईच्या.
मामा तिला बघून खोकायचा.

पाचव्या रात्री डब्यात तीन हलके फासे.
केवळबाईनं आठ आणे ठेवले.
चौकट, बदाम, चौकट.
तिनं कापडाकडं बघितलं, मग मामाकडं,
मग, का कोण जाणे, माझ्याकडं,
आणि पान खाल्लेल्या तोंडानं इतकी हसली
की मामानं नियम मोडून तिच्या तोंडाकडं बघितलं.

"सुटलास म्हणायचा," ती म्हणाली,
आणि दुसरे आठ आणे काढले.