प्याल्याआधी

मे महिन्यातला पहिला रविवार. सदरच्या देवळात
पंखे गरम हवाच ढवळतायत.
प्रभुभोजनाच्या रांगेत माझ्यापुढे चार जण,
आणि मी सवयीने पापं मोजतोय:
ऑफिसातलं एक खोटं बिल, रिक्षावाल्याला दिलेली शिवी,
उपासाच्या दिवसांत खाल्लेलं सावजी मटण.
कपड्यावरच्या धुळीसारखी, झटकली की गेली.

तबिथा या यादीत कधीच नव्हती.
तिचं नावसुद्धा घेत नाही मी घरात,
मग पाप कसलं?

आई गेली तेव्हा फोन माझ्याच हातात होता.
माती चारला होती. मी तिला सहा सांगितलं.
एवढंच. दोन तासांचं अंतर,
नऊ वर्षं झाली, अजून कापून होत नाही.

पाळकांनी भाकर मोडली.
तो बारीक आवाज
मला आमच्या घरातला वाटला.

रांग सोडली. माझा प्याला मागच्याला गेला.
गड्डीगोदामपर्यंत पायीच, डोक्याला दुपट्टा बांधून.
रस्त्यावर कुत्रंही नाही.

दार तिने अर्धंच उघडलं.
केस पांढरे झालेत, आईसारखे.
वाटेत घोकलेलं वाक्य
डांबरासारखं टाळूला चिकटलं.
"काहून आला बे एवढ्या उन्हाचा?"
मग, बऱ्याच वेळाने,
"आलाच आहे, तर कूलरमध्ये पाणी टाक."

माफ केलं, असं काही म्हणाली नाही.
मी बादल्या ओतत राहिलो.
सातवीला कुठे वाळकं गवत भिजलं.

"किती वाजले?" तिने विचारलं, माझ्याकडे पाठ करून.
मी घड्याळ दोनदा पाहिलं,
आणि खरी वेळ सांगितली.