डावा हात

हेझल मॅकइलव्हीन म्हणाली, डोळे मीट आणि पोह.
बँगरचा तलाव, सकाळचे सहा,
आम्ही दोघी आणि फरशी पुसणारा एक पोरगा.
अकरा हात मोजले.
बाराव्याला बोटं दोरीच्या चकत्यांवर आपटली.
पुन्हा, म्हणाली. पुन्हा तेच.
दर वेळी उजवीकडे.

वीस वर्षं बस चालवते मी,
बेलफास्ट ते डोनाघडी, आरशाला ओरखडा नाही,
आणि पाण्यात ही गत.

"डावा हात घुसखोर आहे तुझा.
मधली रेघ ओलांडून उजव्याच्या घरात शिरतो.
इथं तळाला काळी पट्टी आहे, डोळे सांभाळून घेतात.
समुद्राच्या तळाला कुणी पट्टी मारलेली नाही, ड्रायव्हर.
इथली वीत म्हणजे तिथं मैल."

हेझल चौऱ्याहत्तरची.
उभा जन्म खाटकाच्या दुकानात गेला,
सांधा कुठे सुटतो ते तिला न बघता कळतं.
माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवून म्हणते,
हात इथून नाही, पाठीतून निघू दे.
कोपर वर.
पिंपावरून वाकून पलीकडचं काही उचलतेयस असं समज.
आणि श्वास पाण्यातच सोडून ये,
वर आल्यावर नुसता घ्यायचा.
दोन्ही कामं एकदम करायला गेलीस
तर दम लागणारच की, बाई.

ती स्वतः दोनदा निघाली होती स्कॉटलंडला.
दोन्ही वेळा नावेत ओढून घेतली.
दुसऱ्या वेळी, म्हणे, किनाऱ्यावरच्या मेंढ्या दिसत होत्या.
हे तिनं एकदाच सांगितलं, टॉवेल पिळताना.

मे महिन्यात बंदरात उतरलो. पाणी दहा अंश.
पहिल्या मिनिटाला कपाळात खिळा,
पाचव्याला बोटं आपली राहत नाहीत,
दहाव्याला एक खोटी ऊब येते,
तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.
आठ हातांनी एकदा मगरीसारखे नुसते डोळे वर:
पांढरं दीपगृह.
पुढच्या खेपेला दीपगृह नाही, कोपलँडची बेटं.
म्हणजे डावा हात पुन्हा फिरायला गेला.

धक्क्यावर थरथरत उभी राहिले
की कपातला चहा अर्धा माझ्या पायावर.
हेझल हसत नाही. घड्याळ बघते.

जुलैत सिंहाच्या आयाळीसारखी ती जेलीफिश,
गंजलेल्या रंगाची, परातीएवढी.
मी पाहिली तेव्हा ती मागे गेलेली होती
आणि आयाळ माझ्या दंडावर.
डाव्याच. दंडापासून मनगटापर्यंत
तापलेल्या तारेचे वळ.
गालाला घासला की जीव जायचा,
म्हणून तो हात आपोआप लांबून, सरळ पडू लागला.
चार दिवस मी रेघेत पोहले.
सहा महिने जे हेझलला साधलं नाही
ते एका बिनडोक प्राण्यानं करून दाखवलं.
पाचव्या दिवशी वळ उतरले
आणि हात गेला परत आपल्या जुन्या वाटेनं.
"चला," हेझल म्हणाली, "निदान त्याला ठाऊक तरी आहे आता."

सप्टेंबर लागला.
रोज रात्री नऊला नाववाल्या डेसी पर्डीचा फोन:
उद्या नाही, वारा आग्नेयेचा.
उद्या नाही.
बसच्या शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद करून
मी काचेतून पलीकडे बघते.
हवा स्वच्छ असली की स्कॉटलंड एवढं जवळ येतं
की रागच येतो.
मोकळ्या सीटांकडे पाठ करून
स्टिअरिंगवर कोपर उचलते, टाकते, उचलते.
काल एक शाळकरी पोर मागेच राहिलं होतं, ते म्हणालं,
बाई, माशी आहे का?

झोपेत माझा डावा हात
पलंगाची मधली रेघ ओलांडून एर्नीच्या तोंडावर पडतो.
तो जागा होतो, हात उचलतो,
माझ्या बाजूला सरळ करून ठेवतो,
कोपर किंचित वर,
हेझलनं त्यालाही शिकवल्यासारखा.